शॅबट यांची कारकीर्द आणि प्रभाग रचना

कराड

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याचे माजी खासदार स्टीव्ह शॅबट यांच्यावर टिपण लिहिते आहेस हे ऐकून बरं वाटलं. पण त्यांची सिनसिनाटीच्या सिटी कौन्सिलमधली, म्हणजे नगरपालिकेतली, वर्षं एका ओळीत उरकणार म्हणालीस, ते काही पटलं नाही. नगरपालिकेत जन्म घालवलेला माणूस असंच म्हणणार, असं समज हवं तर.

सिनसिनाटीत नऊ नगरसेवक आणि प्रभाग एकही नाही, सगळे अख्ख्या शहराच्या मतांवर निवडून येतात. इथूनच सुरुवात कर. शॅबट हे पश्चिमेकडच्या वेस्टवूडचे. काही काळ दिवसा प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि रात्री वकिलीचे वर्ग करायचे. कौन्सिलला १९७९ मध्ये अपक्ष उभे राहिले, पडले. १९८३ मध्ये रिपब्लिकन म्हणून उभे राहिले, पुन्हा पडले. १९८५ला आले. १९८८ला अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, उडी फसली, १९९० मध्ये हॅमिल्टन कौंटीचे, म्हणजे सिनसिनाटी ज्या जिल्ह्यात येतं त्याचे, कमिशनर झाले आणि १९९४च्या रिपब्लिकन लाटेत डेव्हिड मान यांना हरवून वॉशिंग्टनला पोचले. गंमत म्हणजे मान हेसुद्धा याच शहराचे माजी महापौर. म्हणजे दोघंही पाणी-कचऱ्याच्या फायलींतून वर आलेले.

इथून पुढे मात्र सगळा खेळ मतदारसंघाच्या हद्दीचा. प्रारूप प्रभाग रचनेचा नकाशा कचेरीत लागला की काय गर्दी व्हायची, तू लहानपणी पाहिलंयस. नकाशावर बोट फिरवत जो तो आपली गल्ली शोधायचा. वर्षभर तोंड न दाखवणारे हरकतींचा अर्ज घेऊन सगळ्यांत पुढे. ओढ्याच्या अलीकडची घरं पलीकडच्या प्रभागात गेली, की पदावरचा नगरसेवक घामाघूम! तिकडे तेच, फक्त आकार मोठा.

२००८ मध्ये, ओबामांच्या वर्षी, शॅबट डेमोक्रॅट स्टीव्ह ड्रीहाउस यांच्याकडून हरले. २०१०ला त्यांनाच हरवून परतले. मग २०११च्या नव्या नकाशात डेमोक्रॅटांकडे झुकणारं सिनसिनाटी दोन मतदारसंघांत विभागलेलं होतं आणि शॅबट यांच्या वाट्याला कट्टर रिपब्लिकन वॉरेन कौंटी आली. २०१८ मध्ये आफताब पुरेवाल यांनी घाम फोडला, पण वॉरेनने तारलं. पुरेवाल म्हणजे पंजाबी वडील आणि तिबेटी आई यांचा मुलगा, पुढे शहराचा महापौर झाला, हे तुला माहीत असेलच.

त्याच २०१८ मध्ये ओहायोच्या मतदारांनी मतदारसंघ आखायचे नियम बदलले. २०२२च्या नकाशात सिनसिनाटी अखंड एका मतदारसंघात आलं आणि शॅबट पडले. पाडलं कोणी? ग्रेग लँड्समन यांनी, तेव्हाच्या नगरसेवकाने. मला विचारशील तर टिपणाचा कणा हाच. अख्ख्या शहराने उभा केलेला माणूस पुढे अर्धं शहर बाहेर ठेवल्यामुळे टिकला, आणि ते अर्धं परत आल्यावर गेला.

त्यांच्या मतांबद्दल लिहिताना हात आखडू नकोस. सनातनी विचारांचा माणूस, 'पार्शल-बर्थ' म्हणतात त्या एका पद्धतीच्या गर्भपातावर बंदी घालणारा २००३चा कायदा त्यांनीच सभागृहात मांडला. पटो न पटो, तिथे ते सरळ होते. क्लिंटन यांच्या महाभियोगात सिनेटपुढे आरोपांची बाजू मांडणाऱ्यांत होते, ट्रम्प यांच्यावरच्या दोन्ही महाभियोगांना मात्र विरोध. एक माप इकडे, एक तिकडे, हे मला खटकतं. आणि जाता जाता, ऑक्टोबर २०२२ मध्ये खासदार रो खन्ना यांच्यासोबत १९७१चा बांगलादेशातला नरसंहार मान्य करावा असा ठराव मांडला, तोही शॅबट यांनीच. त्याची दखल तू जरूर घे.

२०१८ची वॉरेन आणि हॅमिल्टनची केंद्रनिहाय आकडेवारी मिळाली तर मलाही पाठव. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघू. आईने मेतकूट कुरियरने धाडलंय, पोचलं की कळव.

तुझे,
बाबा