डबेवाल्या मावशींना, मिठाच्या वजनकाट्याबद्दल

मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही सातपूरच्या तुमच्या स्वयंपाकघरात जे करून दाखवलंत, ते नाशिकमधल्या कुठल्याही मेसला, आचाऱ्याला आणि घराला जमण्यासारखं आहे. आम्ही पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार करणारी मंडळी. आमच्यात डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत. ‘मीठ कमी खा’ हे आमचं दिवसातून दहा वेळा बोलायचं वाक्य. पण कमी म्हणजे किती, आणि ते ओट्यापाशी उभं राहून मोजायचं कसं, हे तुम्ही करून दाखवलंत. त्याचे आभार मानायचे आहेत.

आपल्याकडे पक्षाघाताला अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, नाहीतर फुटते. दोन्हींच्या मागे सगळ्यात मोठं कारण एकच, वाढलेलं बीपी. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, दाब चढतो आणि तो वर्षानुवर्षं सोसून रक्तवाहिन्या कडक होतात. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात चहासोबतचं खारं बिस्कीटही आलं.

तुम्ही ४० डब्यांचा हिशोब कागदावर मांडलात तो असा. भाजीत माणशी १ ग्रॅम, म्हणून ४० ग्रॅम. आमटीत पाऊण ग्रॅम, म्हणून ३० ग्रॅम. कोशिंबिरीला १० ग्रॅम. पोळीच्या कणकेत आणि भातात शून्य. एकूण ८० ग्रॅम, डब्यामागे २ ग्रॅम. उरलेले ३ ग्रॅम त्या माणसाच्या नाश्त्याला आणि रात्रीच्या जेवणाला. सकाळी ८० ग्रॅम मीठ एका वाटीत काढून ठेवायचं आणि वाटी रिकामी झाली की मिठाच्या डब्यात हात घालायचा नाही, हा नियम आमच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा भारी आहे. अंदाजाने घातलेली चिमूट एका हाताची लहान असते, दुसऱ्या हाताची मोठी.

एका दिवसात मीठ उतरवलं असतंत तर ‘डबा अळणी आला’ म्हणून फोन वाजले असते. तुम्ही १४० ग्रॅमवरून दर आठवड्याला १० ग्रॅम उतरवत सहा आठवड्यांत ८० वर आलात. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, फक्त तिला पायऱ्यापायऱ्यांनी उतरू द्यावं लागतं. दुसरी युक्ती मीठ घालायच्या वेळेची. फोडणीतच सगळं मीठ टाकलं की ते बटाट्याच्या आत जाऊन बसतं आणि जिभेला कमी लागतं. तुम्ही मटकीची उसळ बिनमिठाची शिजवून गॅस बंद करताना मीठ घालता, वरून लिंबू पिळता, कधी आमसूल घालता. आंबट असलं की कमी मीठही पुरेसं वाटतं.

पहिल्या फेरीत एक गोष्ट फसली होती, ती इथे लिहायलाच हवी, कारण बाकीच्यांचीही तिथेच फसेल. भाजीतलं मीठ मोजलं, पण भाजीत पडणारा विकतचा कांदा-लसूण मसाला मोजला नाही. त्यात मीठ असतंच. पाकिटावरची घटकांची यादी वाचली तेव्हा चोर सापडला, आणि तुम्ही घरच्या बिनमिठाच्या काळ्या मसाल्यावर आलात. पापड-लोणच्याचंही तेच. उडदाच्या एका पापडात साधारण अर्धा ग्रॅम मीठ, वर पापडखार. चमचाभर लोणच्यात ग्रॅमभर किंवा जास्तच. म्हणजे पापड आणि लोणचं मिळून अख्ख्या डब्याच्या जवळ पोचतात! आता त्या खणात कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी असते, मीठ नावाला.

घरांसाठी तुमची सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे मिठाच्या पिशवीवर पेनाने लिहिलेली तारीख. चार मोठ्या माणसांना ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. बाहेरच्या खाण्यातलं मीठ धरलं तर त्याहून जास्त. महिन्यातच पिशवी संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय, मग तोंडाने कुणी काहीही सांगो. लोणची-पापड घालायचा उन्हाळा सोडून हा हिशोब करायचा.

सैंधवाचं तुम्ही विचारलं होतं. सैंधव म्हणजेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, म्हणजे आपलं नेहमीचं मीठ, आणि बीपी चढवतं ते त्यातलं सोडियम. उपवासाला चालतं म्हणून ते बीपीलाही चालतं असं नाही, शिवाय त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. कमी सोडियमचं मीठ ही मात्र वेगळी चीज. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर त्याचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला. तिथे असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तरी तुमच्या डब्यासाठी आम्ही नको म्हटलं, कारण ४० जणांपैकी कुणाची मूत्रपिंडं अधू आहेत, कुणाला पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू आहे, हे तुम्हाला कसं कळणार? अशांच्या रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. घरी, डॉक्टरांना विचारून, जरूर वापरावं.

मिठाच्या नावाने न येणारं सोडियमही असतं. खाण्याचा सोडा, चमचाभरात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे मिठाच्या हिशोबात तीन ग्रॅम. पोट फुगलं की पाण्यात टाकून पितात ती फसफसणारी पावडर, तीही याच घरातली. आणि रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध. त्यात सोडियम नाही, पण सतत घेतलं तर ते शरीरातलं पोटॅशियम उतरवून बीपी चढवतं. गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तरी बीपी चढतं.

तेलाचं थोडक्यात. दिवसाला माणशी २० ग्रॅम धरलं तर महिन्याला साधारण साडेसहाशे मिली. तुम्ही पुलावातला डालडा बंद केलात आणि तळणीचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला घेणं सोडलंत, दोन्ही बरोबर. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम पोटात जायला हवीत. तुमच्या डब्यात पालेभाजी आणि कोशिंबीर धरून दोनशेच्या वर जातात, बाकीचं ज्याने त्याने बघावं. द्राक्षांच्या गावात फळांची वानवा नाही. मधुमेह असेल तर मात्र एका वेळी मूठभरच, आणि रस काढून नाही.

द्राक्षांवरून वाइन आलीच. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य नाशिकमध्ये जरा जास्तच ऐकू येतं. कुठलीही दारू बीपी वाढवते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. लय बिघडली की हृदयात गुठळी धरते आणि ती थेट मेंदूत जाऊ शकते. न पिणाऱ्याने औषध म्हणून सुरू करू नये. मिसळीबद्दल आम्ही एवढे कडक नाही. पंधरवड्यातून एकदा खा, फरसाण अर्धं, पापड परत, रश्शाची दुसरी वाटी नको. रविवारी गंगापूर रोडला पाच किलोमीटर चालून मग मिसळीवर ताव मारणाऱ्यांचं चालणं वाया जात नाही, पण मीठ त्या चालण्याने फिटत नाही. चालायचं ते आठवड्याला १५० मिनिटं तरी, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. कृषीनगरच्या ट्रॅकवर घोळक्याने रेंगाळणं यात धरू नका. थंडीत बीपी मुळातच चढतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटेऐवजी ऊन पडल्यावर निघावं, कानटोपी घालून. तंबाखू आणि मिश्री यांना मात्र कुठलंही माप नाही. शून्य.

दर रविवारी तुम्ही डबा न्यायला येणाऱ्यांचं बीपी बघू लागलात, त्यातलं तुमचं एक बरोबर आहे आणि एक चुकतंय. आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवता, ते बरोबर. पण पट्टा शर्टाच्या बाहीवर बांधता आणि त्याच वेळी गप्पा मारता! बाही काढून उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाय जमिनीला टेकलेले, तोंड बंद. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवी करून आलेलं असावं. एका मिनिटाने पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी लिहायची. हात खाली लोंबत असेल किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. शांत बसवून मोजलेली सरासरी पुन्हा पुन्हा १३५/८५ च्या वर आली तर डॉक्टरांकडे पाठवा. उपवास म्हणून बीपीची गोळी चुकवणाऱ्यांना तुम्ही दटावता, त्याचे वेगळे आभार. बीपीच्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटी चालतात. साखरेच्या गोळीचं तसं नाही, ती उपवासाआधी विचारूनच.

आणि डब्याच्या झाकणाखालची ती चिठ्ठी. ‘तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एकही अचानक झालं तर १०८.’ त्यात दोन ओळी वाढवा. तोंडातून पाणीसुद्धा देऊ नका आणि अ‍ॅस्पिरिन तर नाहीच, कारण रक्तवाहिनी फुटली आहे की बुजली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. दुसरी ओळ, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि घड्याळ त्या वेळेपासून सुरू होतं. डबा पोचवणारी तुमची मुलं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज ठरल्या वेळी बघतात, त्यांना हे पाठ असू द्या. दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मालिशवाल्याकडे तो दिवस घालवायचा नाही.

तुमच्या डब्याचे ऋणी,
आम्ही सगळे

ता. क. मीठ मोजायचा काटा मध्येच शून्यावर येत नाही म्हणालात. सेल उतरले की असं होतं. दोन नवे सेल पाठवतोय. बसवल्यावर आधी रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, मग मीठ घाला.