मुलाचे दिवस बदलले, पोटगी जुनीच

संपादक महोदय,

माझा नातू यंदा नववीत गेला. त्याच्या आईवडिलांचा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा पोटगीचा दावा समेटाने मिटला, तेव्हा पोराने चार दिवस आईकडे विजय नगरला आणि तीन दिवस आमच्याकडे सुदामा नगरला राहायचं, आणि माझ्या मुलाने त्याच्यासाठी दरमहा 12 हजार द्यायचे असं ठरलं. आता भंवरकुआँची कोचिंग लागली. विजय नगरहून तिथे रोजची ये-जा झेपेना, म्हणून तो आमच्याकडेच राहतो; आईकडे फक्त शनिवार-रविवार.

झालं, घरात कुरबुर सुरू. "पोरगा जेवतो इथे, मग पैसे तिकडे कशाला?" शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी तर पोटगी बंदच करा म्हणून सांगितलं. (अशा सल्ल्याची फी नसते, म्हणून तो भरपूर मिळतो.) मी साफ नाही म्हटलं. कोर्ट बदलत नाही तोवर जुनाच आदेश लागू. न भरलेली रक्कम थकत जाते, वर्षाच्या आत अर्ज आला तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि तरी नाही भरली तर कैदही होऊ शकते.

शिवाय पोराच्या आईकडे दूध-भाजी कमी लागते, पण घरभाडं तेवढंच आहे. पोराचा पलंग, टेबल, कूलर दोन दिवसांसाठीही लागतातच. दिवस निम्मे झाले म्हणून खर्च निम्मा होत नाही, हे आमच्या पुरुषमंडळींना दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर आकडे मांडून दाखवावं लागलं. कोचिंग, शाळेची फी, रिक्षा आमच्याकडे. खोली आणि कपडे तिच्याकडे. रक्कम 7 हजारांवर आली. ती आता सून राहिली नाही, पण हिशेबाला चोख. तिने एक आकडा आमचाच चुकलेला दाखवला आणि मान्य केलं.

अडलंय ते पुढे. परिस्थिती बदलली की पोटगी बदलून मिळते. पूर्वी त्यासाठी त्याच जुन्या संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146 आहे. पण अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाच्या, पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढा असं कायदा सांगतो, रक्कम बदलण्याच्या अर्जाला तशी मुदतच नाही. दोघांच्या सहीचा अर्ज आहे, तरी पेशीवर पेशी चालू. रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांची उत्पन्न-मालमत्तेची शपथपत्रं बंधनकारक केली, ते योग्यच. भांडणात कमाई लपवणारे कमी नसतात. पण इथे भांडणच उरलेलं नाही.

बदलाच्या अर्जालाही 60 दिवसांची मुदत हवी, आणि संमतीचा अर्ज न्यायाधीशांनी दोघांना समोर विचारून त्याच दिवशी निकाली काढावा. मध्यस्थी करणाऱ्या वकिलांना एक विनंती: मुलाचे दिवस बदलले तर कोणता खर्च कोणाकडे जाईल, ते समेटाच्या मसुद्यातच लिहून घ्या.

एक आजी,
सुदामा नगर, इंदूर