खांद्याला वेळ देणाऱ्या प्रशिक्षकांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी यंदा प्रथमच तिरंदाजीतली ७० मीटरवरची पूर्ण फेरी खेळली, हे या पत्राचे निमित्त आहे. आभार मैदानावर तोंडी मानता आले असते. पण अशा वेळी आपण विषय बदलून बाणांची पिसे तपासू लागता, असा अनुभव आहे. शिवाय पुण्यातले अनेक पालक मुलांच्या अंगकाठीकडे पाहून या खेळाविषयी जो प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर आपण आम्हाला कृतीतून दिले, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

एवढ्याशा अंगाच्या मुलीला धनुष्य ओढवेल का, हा तो प्रश्न. आमच्या घरी तालमीची परंपरा असल्यामुळे ताकद म्हणजे मान, छाती आणि दंड, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मुलीने तिरंदाजीचे नाव काढताच थोरल्या काकांनी तिला ‘काडी पैलवान’ म्हणून घेतले, आणि त्यात लाडाबरोबर शंकाही होती. आपण मात्र तिच्या दंडाकडे पाहिलेही नाही. दोन्ही हात पसरायला लावून एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर मोजले, त्याला अडीचने भागून तिचा ड्रॉ, म्हणजे दोरी पूर्ण ओढण्याची लांबी, किती इंचांचा असेल याचा अंदाज बांधला, कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहिले, आणि रबरी पट्टा हाती देऊन खांद्यांचे फरे मागे एकमेकांकडे आणायला सांगितले. धनुष्य हाती आले ते त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे पिळदार दंडाच्या धनुर्धराचे हे चित्र आले कुठून, ते शोधण्याचा मोह मला आवरला नाही. आपल्याकडे तर दोन्ही तऱ्हेच्या कथा शेजारी शेजारी नांदतात: शिवधनुष्य उचलण्याची कथा बळाची, तर पृथ्वीराज चौहानाच्या शब्दवेधी बाणाची कथा निव्वळ कौशल्याची, कारण तिथे नायकाचे डोळेही गेलेले आहेत. (कथेत त्या बाणाने महंमद घोरी मरतो; इतिहासात पृथ्वीराजाचा अंत ११९२ च्या सुमाराचा आणि घोरीचा १२०६ मधला आहे, पण ही तफावत वर्गात सांगितली की मुले माझ्यावरच रुसतात.) इंग्लंडमधल्या रॉबिन हूडच्या जुन्या पोवाड्यांत मला अधिक गंमत आढळली. पुढच्या काळातल्या पोवाड्यात सात फूट उंची मिळते ती त्याच्या साथीदाराला, लिटल जॉनला. नेमबाजीचा मान मात्र रॉबिनकडेच राहतो. एका प्रसंगी तो स्पर्धेत तीनदा नेम धरून तिन्ही वेळा उभी रोवलेली काठी चिरतो. दुसऱ्या प्रसंगी त्याचाच नेम तीन बोटांनी चुकतो आणि ठरलेल्या अटीप्रमाणे त्याला राजाकडून एक तडाखा खावा लागतो, तेव्हा तो जवळजवळ जमिनीवर कोसळतो. राज्यातला सर्वोत्तम तिरंदाज एका तडाख्यात कोलमडू शकतो, हे ज्याने रचले त्याला शरीरबळ आणि नेम यांतला फरक पक्का ठाऊक असावा, असे मला वाटते.

अर्थात, बळ लागतच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले गेले. त्यावर यू झाडाच्या लाकडाची शंभरावर अखंड धनुष्ये मिळाली. ती ओढायला साधारण १०० ते १८५ पौंडांचा जोर लागत असावा, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. आजचे ऑलिंपिक तिरंदाज बहुधा ४० ते ५० पौंडांच्या आसपासची धनुष्ये वापरतात. तरीही त्या जहाजावरची माणसे राक्षसी देहाची नव्हती. सांगाड्यांवरून त्यांची सरासरी उंची १७१ सेंटिमीटरच्या आसपास निघते. वेगळेपण आढळले ते खांद्यात. फऱ्याच्या टोकाचे हाड वाढीच्या वयात सुटे असते आणि विशीच्या आसपास मुख्य हाडाशी सांधले जाते; या सांगाड्यांत ते न सांधलेले राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक होते. अॅन स्टर्लंड या अस्थिशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याशी जोडला. प्रत्येक सांगाडा धनुर्धराचाच होता असे सिद्ध करता येत नसल्यामुळे हा तर्कच आहे. पण मुलीच्या पालकाला तो विचारात पाडतो.

आणि इथेच आपले ऋण सर्वांत मोठे आहे. एका शिबिरात तिच्या वयाच्या मुलामुलींना एकदम जड धनुष्ये देऊन लवकर लांब पल्ल्यावर उभे केले जात होते, आणि त्यांचे आकडे आमच्या कानांवर येत होते. आपण मात्र शांतपणे दोन-दोन पौंडांनीच पुढे गेलात. तिचा डावा खांदा ड्रॉच्या शेवटी वर उचलला जाऊ लागला, तेव्हा भार एक पायरी खाली आणलात आणि जवळ आलेल्या स्पर्धेतून तिचे नाव काढून घेतलेत. ह्यू लॅटिमर या इंग्रज धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये राजासमोरच्या प्रवचनात आपल्या बालपणाविषयी सांगितले होते, की वडील त्याच्या वयाला आणि ताकदीला झेपतील अशी धनुष्ये आणून देत, तो वाढेल तशी धनुष्ये मोठी होत जात, आणि नुसत्या हातांनी न ओढता सारे अंग धनुष्यात घालायला ते शिकवीत. हे मी आपल्याला सांगितले तेव्हा आपण फक्त, ‘बरोबर आहे, पाठीने ओढायचे,’ एवढेच म्हणालात आणि पुढच्या मुलाकडे वळलात.

पाठीने ओढायचे म्हणजे काय, हे मला पाहून पाहून कळले. दोरी हनुवटीशी टेकेपर्यंत हातांचे काम दिसते. त्यानंतर क्लिकर (बाण पुरता ओढला गेला की टक्‌ वाजणारी छोटी पट्टी) वाजेपर्यंतचे शेवटचे काही मिलिमीटर फऱ्यांच्या मधल्या स्नायूंनी मिळवावे लागतात, आणि तेवढा वेळ डावा हात हलता कामा नये. पात्रता फेरीत असे ७२ बाण असतात. धनुष्य ३८ पौंडांचे धरले, तरी एका फेरीत बाराशे किलोंहून अधिक भार ओढून होतो. हा आकडा सांगितल्यावर आमचे काका काही वेळ गप्प होते. टोकांना चाके असलेल्या कंपाउंड धनुष्यात पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो, म्हणून त्याला सोपे समजणाऱ्यांना आपण सातारकर अदिती स्वामीचे उदाहरण देता: २०२३ मध्ये बर्लिनला ती जगज्जेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. आणि शीतल देवीचे चित्रीकरण आपण सर्व मुलांना एकत्र बसवून दाखवले, त्याबद्दल वेगळे आभार. जन्मतः दोन्ही हात नसलेली मुलगी पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या जोरावर दोरी ओढते आणि पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये पदक मिळवते, हे पाहिल्यावर आमच्या घरी अंगकाठीची चर्चा कायमची थांबली.

पावसाळ्यात मैदानात चिखल झाला, की आपण मुलांना सभागृहात दोन-तीन मीटरवरून लक्ष्याच्या कोऱ्या गादीवर, गुणांशिवाय, नुसता रिलीज, म्हणजे दोरी सोडणे, घोटायला लावता. हा सर्वांत कंटाळवाणा सराव आहे असे मुलीचे ठाम मत आहे, आणि ती तो न चुकवता करते.

एक विनंती आहे. रबरी पट्ट्याचे व्यायाम आपण तिच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिले होते, त्यांची प्रत नव्या पालकांना देण्याची परवानगी असावी. तसेच आपण उसने दिलेले २४ पौंडांचे लिम्ब (धनुष्याची वाकणारी पाती) आता तिला लागत नाहीत. ते पुसून, पिशवीत घालून ठेवले आहेत; रविवारी सकाळी सरावाला येताना घेऊन येतो, म्हणजे नव्या तुकडीतल्या कुणाला तरी लगेच देता येतील.

आपला कृतज्ञ,
एक पालक, पुणे