बाळ्या, अण्णांना विचारून सांग

प्रिय बाळ्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, तू मध्येच दुसरा विषय काढतोस आणि मुद्दा राहतो, म्हणून लिहितोय. ग्रुपातल्या एकाला मोरजीच्या शेटची ओळख करून हवी आहे, आणि ती द्यावी की नाही यावर मी अडलोय. घरी सांगितलं तर "देऊन टाक ना नंबर, तुझं काय जातंय" असं उत्तर आलं. तुला तसं वाटणार नाही, तू अण्णांच्या घरात वाढलायस.

तब्येती ठीक. आईचे गुडघे पावसात धरतात, माझं बीपी गोळीवर आहे, पुढे.

मी पणजीला त्या बिझनेस ग्रुपात जातो ते तुला माहीत आहे. तू टायवाला फोटो मागितला होतास, तो मिळणार नाही, तुझ्या लग्नातला सफारीतला फोटो माझ्याकडे आहे हे मात्र लक्षात ठेव. तर दर बुधवारी सकाळी सातला मीटिंग, म्हणजे फोंड्याहून सहाला निघायचं. एका धंद्याचा एकच मेंबर, एसी आणि कोल्डरूमवाला मी, एक सीए, एक इंटिरियरवाली, एक छपाईवाला, एक विम्यावाला. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर बोलायचं, आपण काय करतो आणि या आठवड्यात कुणाची ओळख हवी. मग रेफरलच्या चिठ्ठ्या, कुणी कुणाला किती काम मिळवून दिलं त्याचा हिशोब.

मला हे आवडतं रे, मनापासून आवडतं. आमच्या सीएने एकदा चहा पिताना सांगितलं की तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आहे ना, मग हॉटेलवाल्यांना लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांपलीकडची मुदत लावता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस, आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही, कलम ४३बी मधली तेव्हाची नवी तरतूद. हे कुणी फी घेऊन सांगितलं नव्हतं. आता मी बिलावर उद्यम नंबर ठळक छापतो आणि मार्च आला की हॉटेलांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात! जी वसुली करताना आपल्या सोसायटीतले अर्धे लोक म्हातारे झाले ती.

आणि ओळखीची किंमत काय असते हे तुला-मला कुणी शिकवायला नको. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा साखळी-डिचोलीत काय झालं ते आपण बघितलंय. ट्रकवाला गॅरेजवाल्याला ओळखत होता, गॅरेजवाला टायरवाल्याला, टायरवाला बार्जवाल्याला, सगळे एकमेकांच्या बारशाला जाणारे, आणि सगळे एकाच सकाळी रिकामे. कुणी कुणाला काम देणार? मग थोडं सुरू झालं आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, परत तेच. भावोजींचे ट्रक अंगणात उभे होते, त्यांच्याकडे माणसं भरपूर होती पण सगळी खाणीतलीच. मी तेव्हा खाणींच्या ऑफिसांचे एसी बघायचो, मीही बुडालोच असतो, पण अण्णांची कळंगुटच्या त्या शेटशी ओळख होती, तीसुद्धा कसली, वर्षातून एकदा जत्रेत भेटण्याइतकी.

माझी मुलगी म्हणते यावर अभ्यास झालाय. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ, १९७३ चा त्याचा लेख, त्याने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ज्या ओळखीतून काम कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटतो. वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण जवळच्याला जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. मी म्हटलं, बाय, हे साखळीच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं, पण त्याने मोजून दाखवलं हे बरं केलं.

आता खरं दुखणं. ग्रुपात एक स्टेनलेस स्टीलचा फॅब्रिकेटर आहे. हॉटेलची किचनं करतो, सिंक, वर्कटेबल, चिमणीचे हूड. माणूस गोड, वेळेचा पक्का, आणि त्याने मला दोन कामं दिली, दोन्ही खरी, त्यातली एक कोल्डरूम माझं वर्षातलं सगळ्यात मोठं काम आहे. आता त्याला मोरजीच्या आपल्या शेटची ओळख हवी आहे. तोच, ज्याने लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद असताना माझं बिल चुकतं केलं. तो मोपा एअरपोर्टच्या वाटेवर नवीन हॉटेल काढतोय, मोठं किचन आहे.

चिठ्ठी लिहायच्या आधी मी त्याचं एक काम बघायला गेलो, मिरामारच्या बाजूला, समुद्र शंभर पावलांवर. ओळखीचा कुक होता म्हणून आत सोडलं. बाळ्या, सिंकच्या वेल्डिंगपाशी आणि टेबलाच्या पायांना गंज. मला माहीत आहे, खाऱ्या वाऱ्यात ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टीललाही चहासारखे डाग पडतात, पण ते घासले की जातात. हे खड्डे पडलेले होते. कोटेशनमध्ये ३०४ लिहिलेलं, मालकानेच दाखवलं. मला वाटतं पत्रा २०२ ग्रेडचा आहे. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मॅंगनीज, स्वस्त पडतो, नवा असताना डोळ्यांना फरक कळत नाही, लोहचुंबकही धड सांगत नाही. थेंब टाकून बघायचं रसायन मिळतं, २०२ असला तर लाल होतं, पण दुसऱ्याच्या किचनमध्ये जाऊन मी थेंब टाकत बसू काय!

आणि असंही असेल की त्यालाच पत्रेवाल्याने फसवलं. होतं ना तसं, वरची छापील फिल्म ३०४ ची आणि आत दुसराच माल. म्हणून त्याला चोर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण तो प्रत्येक बुधवारी माझ्याकडे बघतो, आणि परवा आमच्या अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की घेतलंय तर द्यायलाही हवं. बरोबर आहे त्यांचं. घेतलंय मी.

इथे मला अण्णा आठवतात. कळंगुटला त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि मग काम चालू असताना न सांगता येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, पाइपाला इन्सुलेशन नीट गुंडाळतोय की नाही बघत. मला राग यायचा, तुलाही सांगितलं होतं मी, तू म्हणालास "ते तुझं काम बघत नाहीत, स्वतःचं नाव बघतायत", आणि त्यावरून आपलं भांडण झालं. तुझ्या मावसभावाचंही तसंच. तुझ्या सांगण्यावरून त्याला कामावर घेतला, ऐन डिसेंबरच्या सीझनमध्ये तो गायब, आणि तू पुण्याहून रात्रीच्या बसने आलास आणि तीन दिवस माझ्याबरोबर कॉम्प्रेसर उचललेस. आपण त्या तीन दिवसांत एक शब्द बोललो नाही, पण तू आलास. त्या फॅब्रिकेटरचं काम बिघडलं तर मी मोरजीला जाऊन काय उचलू? शेटचं किचन मला उघडून परत बसवता येणार नाही.

मी असं ठरवतोय. आधी त्यालाच एकट्याला चहाला बोलवायचं, ग्रुपात नाही, आणि सरळ सांगायचं की मिरामारचं काम मी बघितलं, मला असं दिसलं. तो म्हणाला पत्रेवाल्याने फसवलं, तर तिथले टेबलाचे पाय तरी बदलून दे म्हणावं, मग मी स्वतः त्याला मोरजीला घेऊन जाईन. आणि शेटलाही सांगेन की पत्र्याच्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट माग, बिलावर ग्रेड लिहून घे, समुद्राकडच्या बाजूला झेपलं तर ३१६, म्हणजे गंजाला जास्त टिकणारी ग्रेड, घाल, पैसे टप्प्याटप्प्याने दे. फॅब्रिकेटर रागावला तर रागावला. मग ती कोल्डरूम जी त्याने दिली तिचं मोल मी दुसऱ्या वाटेने फेडीन, त्याच्या वर्कशॉपचे एसी करून देईन, पण मोरजीचा नंबर नाही.

ग्रुप सोडायचा विचार मात्र नाही. सकाळी सातला उठून येणारी ही माणसं कष्टाळू आहेत, आणि गोव्यात पर्यटनावर सगळं बेतलेलं असताना उद्या ते आडवं झालं तर माझ्याकडे हॉटेलांबाहेरची माणसं हवीत, औषध कंपनीतली, मासळी एक्सपोर्टवाली, दवाखान्यातली. ती मला तिथेच भेटतायत. फक्त त्या चिठ्ठ्यांचा आकडा बघून कुणाचं नाव पुढे करायचं हे मला जमणार नाही.

तुझं काय, वहिनींची बदली झाली का, चिऊची दहावी ना यंदा, तिला म्हणावं क्लास एकच लाव. चाकणचं युनिट शिफ्ट होतंय म्हणालास ते काय झालं, तुमच्याकडे इन्सुलेशन पॅनेल बनवणारा कुणी ओळखीचा असेल तर नंबर पाठव, पण काम बघितलेलं असेल तरच.

आणि अण्णांना हे वाचून दाखव. त्यांना आता कमी ऐकू येतं म्हणालास, तर मोठ्याने वाच. मी आधी फॅब्रिकेटरशी बोलतोय ते बरोबर की आधी शेटला सावध करायला हवं, एवढंच विचार. शेट दुसऱ्या कुणाकडून त्याच्यापर्यंत पोचला तर काय, ही शंका मला रात्री येते. मंगळवारच्या आत कळव, त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला बोलावलंय.

चवथीला येताय ना? गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान मी माशेलहून आणतो, तू फक्त वेळेवर ये.

तुझा,
नंदू