एका टेबलाच्या दोन प्रती : मॅडम, तुमचे आभार

आदरणीय मॅडम,

परवा तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, डेटाबेसमधला सेल्फ जॉइन, म्हणजे टेबलाच्या ओळी त्याच टेबलातल्या ओळींशी जोडणं, समजावलंत आणि आपल्या कामाला निघून गेलात. तुमच्या लेखी विषय तिथेच संपला असेल. माझ्या मनातून तो जात नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

सेल्फ जॉइन मला आधी कुणी शिकवलाच नव्हता असं नाही. भरपूर फी घेऊन एका क्लासने शिकवला होता. "टेबलाला दोन अलियास (तात्पुरती नावं) द्यायचे, सिंटॅक्स पाठ करा, इंटरव्ह्यूला विचारतात," एवढं म्हणून सर पुढच्या स्लाइडवर. टेबल स्वतःलाच कसं जोडायचं, असं विचारलं तर वर्ग हसला आणि सरही हसले. शिकवायला वेळ नसतो, हे मी समजू शकते. विचारणाऱ्याला खजील करणं मला आजही पटत नाही.

तुम्ही ओरॅकल डेटाबेसचं ते जुनं, १४ ओळींचं ईएमपी (कर्मचाऱ्यांचं) टेबल छापलंत आणि त्याची झेरॉक्स काढून आणलीत. एका कागदावर पेन्सिलीने 'ई' लिहिलंत, दुसऱ्यावर 'एम', आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "स्मिथचा साहेब शोध." डावीकडे स्मिथच्या ओळीत एमजीआरखाली, म्हणजे साहेबाच्या नंबरच्या रकान्यात, ७९०२. उजवीकडे ईएमपीएनओमध्ये (कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नंबरच्या रकान्यात) ७९०२ म्हणजे फोर्ड. मी रेघ ओढली. मग डावीकडे फोर्ड, त्याचा ७५६६, म्हणजे जोन्स. माणसं तीच, पण डावीकडे हाताखालची आणि उजवीकडे साहेब! ई आणि एम नसतील तर कुठल्या कागदावरचं ईनेम (नाव) हवंय, हे डेटाबेसला कळणार तरी कसं?

किंगपाशी मी अडले. त्याचा एमजीआर रिकामा. तेवढ्यात तुमचा फोन वाजला. तुम्ही तो बंद करून टेबलावर पालथा ठेवलात आणि काही न बोलता थांबलात. मॅडम, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, कामं खोळंबली होती, तरी ते तुम्ही माझ्याकडून यायची वाट पाहिलीत. किंगला उजवीकडे जोडीच नाही, साध्या जॉइनमध्ये तो गळणार, १३च ओळी येणार, हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं. "मग मालकालाच यादीतून वगळायचं?" असं तुम्ही विचारलंत आणि लेफ्ट जॉइन, म्हणजे जोडी नसली तरी डावीकडची ओळ ठेवणारा जॉइन, वेगळा शिकवावा लागला नाही.

ज्ञान पुष्कळांकडे असतं हो. समोरच्याला कमी न लेखता ते देणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि अशा माणसांमुळेच नवख्यांचे पाय ऑफिसात टिकतात.

त्याच रात्री साहेबापेक्षा जास्त पगार कुणाला, ही क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) मी एकटीने लिहिली. स्कॉट आणि फोर्ड आले, दोघांचेही ३०००, आणि त्यांच्या साहेबाचे, जोन्सचे, २९७५. हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायचं होतं.

मनापासून आभार.

आपली,
पलीकडच्या टीममधली एक ज्युनिअर