सांभाळणाऱ्या म्हातारीचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वार्धक्याच्या सामाजिक अभ्यासावरचा पानभर लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, भाषा सोपी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पान वाचून संपले तेव्हा राग आला. कोणीतरी खाऊपिऊ घालायचे, कोणीतरी दवाखान्यात न्यायचे, कोणीतरी चार शब्द बोलायला बसायचे, असेच म्हाताऱ्यांचे चित्र त्यात आहे. हे कोणीतरी कोण, ते लेखात एकदाही आले नाही. आमच्या घरात ती मी आहे. माझे वय ७१. मी सांभाळते त्या माझ्या सासूबाई ९३ वर्षांच्या आहेत.

मागे एका कॉलेजची मुलगी ज्येष्ठांच्या पाहणीचे छापील फॉर्म घेऊन आमच्याकडे आली होती. कॉलेजचे नाव लिहीत नाही. मुलीचाही काही दोष नव्हता, उन्हातून आली होती, नीट बोलत होती. तिने आधी माझ्या मुलाला विचारले, "साठीच्या पुढचं घरात कोण कोण?" तो म्हणाला, "आई आणि आजी." मग दोघींसाठी दोन फॉर्म निघाले, अगदी एकसारखे. मी नुकतेच सासूबाईंचे अंग पुसून, पाठीला पावडर लावून त्यांना कुशीवर वळवून बाहेर आले होते.

"आजी, तुम्हाला आंघोळीला कोणाची मदत लागते का?"

"नाही. सासूबाईंना मी घालते."

"जेवताना?"

"माझी मी जेवते. ह्यांना भरवते."

"औषधं कोण देतं?"

"माझी मी घेते. ह्यांची मीच देते."

दर उत्तराला ती माझ्या फॉर्मवर 'मदत लागत नाही' अशी खूण करत गेली. शेवटी मी विचारले, "अगं, मी कोणाला सांभाळते ते कुठे लिहिलंस?" तिने पाने उलटून पाहिली, पुन्हा पहिल्या पानावर आली आणि म्हणाली, "तसा प्रश्नच नाहीये, आजी." पुढचा प्रश्न तिने मुलाला विचारला, "आईंचा खर्च कोण करतं?" मुलगा म्हणाला, "मीच." ते खोटे नाही. पैसे तोच आणतो आणि त्याने कधी हात आखडला नाही. माझ्या फॉर्मवर 'मुलावर अवलंबून' असे लिहिले गेले, सासूबाईंच्या फॉर्मवर 'नातवावर अवलंबून'. अंथरुणावरची बाई आणि तिला उचलून बसवणारी बाई, दोघी एकाच रकान्यात गेल्या.

हे मला फार लागले. मोठेपणा हवा म्हणून नव्हे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. त्यांना रात्री दिवस वाटतो, त्या उठून बसायला बघतात, तेव्हा मीही उठते. सूनबाईंची नोकरी आहे, तिचा आणि मुलाचा डबा सकाळी मीच करते, दुपारी नातवाला शाळेतून आणते. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला, तर दिवसपाळीला बाई ठेवावी लागली, सूनबाईंना रजा टाकावी लागली आणि नातू शाळेतून आला की शेजारी बसू लागला. हा सगळा खर्च घरात तेव्हा पहिल्यांदा दिसला. मी उठून कामाला लागले आणि तो पुन्हा दिसेनासा झाला.

आता लेखाबद्दल. १९६१ साली कमिंग आणि हेन्री या दोघा अभ्यासकांनी मांडलेला अमेरिकेतला सिद्धांत लेखात विस्ताराने दिला आहे. माणूस म्हातारा होतो तसा तो समाजातून आपणहून अंग काढून घेतो, समाजही त्याला सोडतो आणि दोघांनाही ते बरे असते, असे त्याचे सार. तो मांडला गेला कॅन्सस सिटीतल्या, प्रकृती धड असलेल्या आणि पैशांची चणचण नसलेल्या माणसांना भेटून. लेखकांनी त्याला आपल्याकडच्या वानप्रस्थाची जोड दिली आहे. माझ्या ओळखीत साठीनंतर संसारातून अंग काढून घेतलेली एकही बाई नाही. ज्यांनी काढले ते पुरुष आहेत, आणि त्यांना चहा वेळेवर मिळतो. सूनबाई कामावर गेल्या की पोरांना वाढवणाऱ्या, आजारी नवऱ्याचे पथ्यपाणी बघणाऱ्या, थोरल्या जावेला धरून शौचाला नेणाऱ्या बायकांवर हा सिद्धांत कसा लागू होतो, ते लेखकांनी सांगावे.

मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने उतारवयातल्या माणसांची केलेली 'लासी' ही पाहणी, तिचा आधारही लेखात आहे. २०१७-१८ मध्ये देशभरातली ४५ वर्षांवरची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांना भेटून ती झाली. हाताची पकड यंत्राने मोजली, चालण्याचा वेग मोजला, दहा शब्द सांगून ते किती आठवतात ते पाहिले. एवढे मोठे काम आपल्या देशात झाले याचा मला अभिमान वाटला. पण लेखकांनी त्यातून आजार, एकटेपणा आणि हाल एवढेच उचलले. तीच पकड दिवसभर कोणाला उठवण्या-बसवण्यात खर्च होते, हे शोधावे असे त्यांच्या मनातही आले नाही.

लेखातली चौकट तर मला मुळीच पटली नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे १५ ते ५९ वयाच्या दर शंभर माणसांमागे साठीपुढची १४ माणसे आहेत आणि हा 'भार' वाढत जाणार, असे तिथे ठळक छापले आहे. हे गणित फक्त वयावर चालते. साठ पूर्ण झाली की माणूस पलीकडच्या बाजूला जातो, मग तो काय करतो ते कोणी विचारत नाही. त्या जनगणनेत काम न करणाऱ्यांचे प्रकार पाडले होते: विद्यार्थी, घरकाम करणारे, अवलंबून असलेले, पेन्शनर. माझी नोंद तेव्हा कशात झाली, मला माहीत नाही. आता २०२७ ची जनगणना येते आहे. त्याबद्दल लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.

कायद्याचेही तसेच. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा लेखकांनी सांगितला, दरमहा १० हजारांची मर्यादाही सांगितली. त्या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून त्यात नाही. मी सून आहे, पन्नास वर्षे होत आली. कायद्याने माझ्यावर जबाबदारी टाकलेली नाही, पाहणीने माझे काम लिहिलेले नाही, आणि दिवस-रात्र सासूबाईंपाशी मी आहे. कायद्याने मला बांधावे असे मी म्हणत नाही. घराघरांत हे काम कोण करते, ते अभ्यासकांनी आधी पाहावे, एवढेच म्हणते.

विचारायची पद्धत सापडलेली नाही असेही नाही. २०१९ मध्ये सरकारने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. त्यात एका दिवसाच्या पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला माणसाने काय केले ते विचारले. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांचे ९७, असे निघाले. घरच्यांची काळजी घेण्याचा वेळ निराळा मोजला. अशी पाहणी हाती असताना साठीपुढच्या बायकांचे आकडे वेगळे काढून छापायला लेखकांना काय अडचण होती? कोणी माझ्याकडे येऊन तसे विचारावे, मी रात्री दोनचेही सांगेन.

आणखी एक. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यावर लेखात अवाक्षर नाही. ५८ वर्षांवरच्या बायकांना निम्मे भाडे पडत असे. त्या गाड्यांतून जाणाऱ्या म्हाताऱ्या सगळ्याच काशी-रामेश्वराला जात नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला, सुनेची रजा संपली म्हणून तान्हे सांभाळायला, बहिणीचे ऑपरेशन म्हणून तिच्या उशाशी बसायला जात होत्या. एसटीने बायकांना आणि ज्येष्ठांना सवलत दिली, तिचा उपयोग होतो. पण लेक सुरतेला किंवा इंदूरला दिलेली असेल तर ती पुरत नाही. सवलत बंद करताना तिला खर्च म्हटले गेले. या बायका जाऊन जे काम करून येतात, ते त्या हिशेबात कुठेच धरलेले नाही, आणि तुमच्या वृत्तपत्राने गेल्या काही वर्षांत यावर एकही अग्रलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी असल्याचे तळाशी छापले आहे. लेखकांना हे पत्र दाखवावे आणि सत्तरीतल्या एखाद्या सांभाळणाऱ्या बाईशी त्यांनी स्वतः बोलावे, अशी विनंती आहे. त्या लेखाबरोबर काठी धरलेल्या सुरकुतलेल्या हातांचे तेच छायाचित्र कृपया पुन्हा छापू नये.

आपली,
एक वाचक, कऱ्हाड