इंजेक्शन वर्षभर कशासाठी

पुणे, डिसेंबर

ती. आई आणि अण्णांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की अण्णा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई शेजारच्यांच्या लग्नाचं सांगायला लागते. म्हणून लिहितेय. दादाला बजावलंय, रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

अण्णा, तुमचा प्रश्न रास्त आहे. स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, आईचे केस परत यायला लागले. मग दर तीन आठवड्यांनी तासगावहून मिरजेला जाऊन वर्षभर इंजेक्शन कशाला? त्यात भावकीतल्या कुणीतरी काढ्याचं नाव सुचवलंय. "डॉक्टर म्हणतात म्हणून" एवढ्या उत्तरावर तुम्ही गप्प बसणार नाही. मीही बसले नसते.

आईच्या रिपोर्टवर "हर-टू थ्री प्लस" असं लिहिलंय, म्हणजे हर-टू भरपूर. हर-टू हे एक प्रोटीन आहे, डाळीतलं नव्हे, पेशीच्या आवरणात रोवलेलं. त्याचं एक टोक बाहेर असतं, एक आत. बाहेरचा निरोप आत पोचवायचा, हे त्याच्या कुळातल्या प्रोटीनांचं काम. ते माझ्याही पेशींवर आहे, दादाच्याही. आईच्या गाठीत मात्र ते बनवणाऱ्या जीनच्याच भरमसाट प्रती झाल्या आणि पेशीच्या अंगावर हर-टूची दाटी झाली.

तिच्या गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा मी इकडे मागवून घेतल्या होत्या, आमच्या लॅबच्या मॅडमना दाखवायला. असल्या काचा रंगवणं हे माझं रोजचं काम. हे प्रोटीन असेल तिथं तपकिरी रंग धरतो, नसेल तिथं पेशींची नुसती निळी केंद्रं दिसतात. आईच्या काचेवर नाव नव्हतं, नंबर होता. साध्या, कमी ताकदीच्या भिंगाखाली ठेवली तरी प्रत्येक पेशीभोवती जाड, अखंड तपकिरी कडा, एकीला लागून दुसरी. मॅडम काही बोलल्या नाहीत, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

अण्णा, आत्ता तुमच्या द्राक्षबागेत डिपिंगची, घड बुडवायची, गडबड असेल. जीएची, म्हणजे जिबरेलिक अॅसिड या वाढीच्या संप्रेरकाची, पुडी अॅसिटोनमध्ये विरघळवायची, मग पाण्यात घालायची, आणि बायका मगात एकेक घड बुडवत ओळीनं पुढं सरकतात. त्या पाण्यात खत नसतं. असतो तो फक्त निरोप, लांब हो. मण्याच्या पेशीत जीए ओळखणारं एक प्रोटीन असतं. त्यानं जीए धरलं की वाढ दाबून ठेवणारं दुसरं प्रोटीन मोडीत निघतं, आणि तास-ए-गणेशचा मणी लांबट होतो. पण तिथं निरोप येतो, काम होतं, संपतं. हर-टूची दाटी झाली की ती प्रोटीनं निरोपाची वाट बघत नाहीत. आपापसात जोड्या लावतात, आणि जोडी लागली की आत हुकूम सुटतो. तो थांबतच नाही.

आत काय होतं, तर जोडीच्या आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट चिकटतं, त्यानं पुढचं प्रोटीन जागं होतं, ते त्याच्या पुढच्याला जागं करतं. एक वाट रास नावाच्या प्रोटीनवरून जाते, ती पेशीला वाढायला आणि जागचं हलायला सांगते. दुसरी एकेटीवरून जाते, ती सांगते की मरू नकोस. वाढणं एकवेळ परवडलं, कारण वाढलेली गाठ सर्जन काढू शकतो. घात होतो तो हलण्यानं.

स्तनातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीननं धरून असतात. टीजीएफ-बीटासारखा निरोप मिळाला की ती पकड सैल होते, पेशी आपला आकार बदलते, भोवतालचं पटल विरघळवणारी एन्झाइम सोडते आणि लिम्फच्या (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या) किंवा रक्ताच्या नळीत शिरते. काखेतल्या गाठींत सापडल्या त्या अशाच गेलेल्या. रक्तात शिरलेल्यांपैकी बहुतेक मरून जातात. मोजक्या टिकतात आणि कुठंतरी गप्प पडून राहतात, कधी कधी वर्षानुवर्षं. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत. आईच्या अंगात तशी एखादी आहे की नाही, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. इंजेक्शन आहे ते त्यांच्यासाठी. गाठ गेली, पण गाठीतून आधीच निघालेल्यांच्या अंगावरही तेच हर-टू असू शकतं.

आई, आता तुझ्याशी. सुई टोचली, चाकू लागला म्हणून पसरलं, हे तुझ्या कानावर किती जणींनी घातलंय ते मला माहीत आहे. हळदी-कुंकवाला आलेली प्रत्येक बाई डॉक्टर असते. पण काखेत गेलेल्या पेशी सुईच्या आधीच गेलेल्या होत्या. गाठीची सुईनं तपासणी झालेल्या बायका त्या तपासणीमुळं लवकर जातात, असं दिसलेलं नाही. पाण्याची घागर उचलली म्हणूनही काही झालेलं नाही. ते खूळ डोक्यातून काढ.

पसरण्यालाही काही रीत असते. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. रक्त सगळीकडे जातं, पण आजार लिव्हरमध्ये वारंवार दिसला आणि प्लीहेत क्वचित. असं का, याचं एक कारण २००१ मध्ये पुढं आलं. या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचं प्रोटीन असतं, आणि त्याला ओढून घेणारं रसायन फुफ्फुसं, लिव्हर, हाडांचा मगज आणि लिम्फच्या गाठींत जास्त असतं. पेशी त्या मागानं जातात. हाडात तर कॅन्सरची पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चिथावते, हाड झिजलं की त्यातून टीजीएफ-बीटा सुटतं, आणि त्यावर ती आणखी माजते.

हे वाचून गुडघा चाचपत बसू नकोस. तुझा गुडघा मी दहावीत असल्यापासून दुखतोय. हाडात गेलं तर ते बहुधा मणक्यात, कंबरेत, बरगड्यांत, गुडघ्याखाली क्वचितच. पाठ रात्रीसुद्धा दुखायची थांबली नाही, डोकं सतत दुखायला लागलं किंवा धाप लागली, तर मात्र "बघू चार दिवस" म्हणायचं नाही, त्याच दिवशी दादाला सांगायचं.

इंजेक्शनचं नाव ट्रास्टुझुमॅब. हर-टू जास्त असलेल्या बायकांत आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. हर-टूच्या बाहेरच्या टोकाला जाऊन बसणारं हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते निरोप दाबतं, आणि ज्या पेशीवर बसतं तिच्याकडे आपल्या प्रतिकारशक्तीचं लक्ष वेधतं. आईसारख्या, ऑपरेशन झालेल्या बायकांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २००५ मध्ये आले. केमोच्या जोडीला हे वर्षभर दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलं. दोन वर्षं देऊनही पाहिलं, एका वर्षापेक्षा जास्त फायदा झाला नाही. म्हणून एक वर्ष. कुणाच्या मनाला आलं म्हणून नव्हे, आणि बिल वाढवायला तर नव्हेच. अण्णा, तुमचा संशय मला कळतो, दुसऱ्या एका ठिकाणी आपल्याला नको त्या तपासण्या करायला लावल्या होत्याच.

केमोसारखे केस यानं जात नाहीत. जपायचं ते हृदय. हर-टू हृदयाच्या स्नायूंच्या पेशींवरही असतं आणि तिथं ते उपयोगाचं असतं, त्यामुळं काही जणींचं हृदय जरा मंद पडतं. बहुतेक वेळा औषध थांबवलं की सावरतं, पण ते वेळेत कळायला हवं. दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात ते यासाठी.

पैशांचं मी आणि दादानं बोलून ठेवलंय. २०१४ पासून हे औषध भारतात बनलेलंही मिळतं, पूर्वीपेक्षा स्वस्त. द्राक्षाचे पैसे यायच्या आत कुणाकडे शब्द टाकायची गरज नाही. काढा घ्यायचाच असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. इंजेक्शनच्या ऐवजी काढा, हे मात्र मला चालणार नाही, अण्णा रागावले तरी.

पुढची तारीख डिपिंगच्या ऐन गडबडीत येतेय. अण्णांनी बागेतच थांबावं, दादा आईला घेऊन जाईल, मी त्याच्याशी बोललेय. त्याच दिवशी इको आहे. आधीच्या इकोचा कागद कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहे, तो सोबत न्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे असतात. नवीन रिपोर्टचा फोटो दादाला लगेच पाठवायला सांगा. घाईत अर्धाच कागद काढतो तो, खालची ओळ येऊ दे म्हणावं.

तुमची
धाकटी